झील

जवाहरनगरच्या मागल्या गल्लीत, पत्र्याच्या चर्चात
मी दुभाषी म्हणून उभा होतो.
इंग्रजीचा मास्तर, इस्त्रीचा शर्ट,
आणि शेजारी अलाबामाचे रेव्हरंड टॉलिव्हर,
कापसाच्या रानात विकत घेऊन राबवलेल्यांचे पणतू.

ते एक वाक्य बोलत आणि थांबत.
माझ्यासाठी नव्हे, हे मला उशिरा कळलं.
कुणीतरी ओ द्यावी, याची ते वाट बघत होते.
आमची मंडळी मिशनच्या शिस्तीत वाढलेली:
उपदेश चालू असता खोकलासुद्धा पदरात.

त्यांच्या एका शब्दाला मी म्हणालो, दुःख.
शब्द कोरा निघाला, घडी न मोडलेला.
दुसऱ्यांदा म्हणालो, सोसणं.
तेव्हा बायकांच्या बाजूला
शालनबाई देवकुळेंनी मान वर केली.

मग रेव्हरंडांची नजर दाराबाहेर गेली,
आमच्या चपलांच्या ढिगाकडं.
त्यांनी हातातला कागद मिटला
आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले.
बराच वेळ लागला. गुडघे दुखत असावेत.
एक मोजा अंगठ्याशी फाटका.

त्या मेंढपाळाला देव म्हणाला, पायातलं काढ.
मी भाषांतर केलं.
कुणी हललं नाही.
पायातलं काढ, हे आमच्या लोकांनी
काही देवाच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.
माझा आजा ज्या जोड्यांत करकर भरायचा
ते दुसऱ्याच्या पायांत वाजायचे,
आणि हा स्वतःचे काखेत मारून
भर उन्हात चावडी ओलांडायचा.

रेव्हरंडांना हे कुणी सांगितलं नव्हतं.
तरी म्हणाले, माझे आजोबा फुटपाथवरून खाली उतरायचे,
टोपी हातात घेऊन, पोरासोरांपुढंसुद्धा.
पण ऐका.
सुटकेच्या रात्री तोच देव काय म्हणाला?
जेवा म्हणाला, उभ्यानं जेवा,
कंबर कसून,
आणि पायांत घालून.

मी म्हणालो, पायांत घालून.
ते थांबले.
मीही थांबलो.

आणि मागच्या बाकावरून
येशुदास सातपुते, वय ब्याऐंशी,
बाप्तिस्म्याआधी शाहिरामागं झील धरणारा,
त्यानं डाव्या कानावर हात ठेवला
आणि ओढली,
जी जी रं जी!

आमचे पाळक दचकले. एक पोरगं फिसकन हसलं.
रेव्हरंडांना अर्थ कळला नाही.
पण अर्थावाचून अडलेला
त्या पत्र्याखाली आता मी एकटाच होतो.

चाळीस वर्षं चालले, जोडे झिजले नाहीत.
जी रं जी!
मग आमचा धंदा बुडाला की वो, म्हणाल्या शालनबाई,
आणि सगळं चर्च खदखदलं,
त्या हसण्यातच कुणाचा तरी हुंदका फुटला.
अजून रात्र आहे.
व्हय.
अजून पाय पोळतात.
व्हय रं बाबा, व्हय.
पण माप घेऊन झालंय.
हे मी मराठीत सांगितलं की नाही, आठवत नाही.
माझा आवाज त्या गलक्यात बुडाला
आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

प्रार्थनेनंतर येशुदासनं दारातच
जुन्या पेपरवर त्यांचा पाय ठेवून घेतला,
पेन्सिल फिरवली टाचेपासून करंगळीपर्यंत.
गुदगुल्या झाल्या, तसा एवढा थोर माणूस
लेकरागत मागं सरला.
एवढं कातडं आणू कुठनं, येशुदास पुटपुटला.

आणलं. जोडी पोस्टानं गेली.
पोचली का, ते विचारायचं राहिलं.

गेल्या मार्गशीर्षात येशुदास गेला.
पेटीत सुनेनं त्याला नवं धोतर नेसवलं
आणि त्यानंच केलेल्या, कधी न घातलेल्या
करकरीच्या चपला पायांत सरकवल्या.
पाळक म्हणाले, असा आपल्यात रिवाज नाही.
शालनबाई म्हणाल्या,
असू द्या. लांब जायचंय त्यास्नी.